पाणी जातं कवा?

कोणाच्याही घरात गेल्या की मावशी आधी भिंतीवर बोटाचं पेर वाजवायच्या. माठ घेताना वाजवून बघतात, तसं. मग मान जरा कलती करून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "बघू, माणसं कशी हायत." भिंतीवरून माणसं कशी कळतात, हे मला नऊ वर्षांत समजलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही.

त्या आमच्या घरमालकीण. कुरुळीत रस्त्याच्या कडेला त्यांच्या सात खोल्या होत्या, पत्र्याच्या, एका ओळीत. शेत कंपनीसाठी गेलं, उरलेल्या तुकड्यावर खोल्या उभ्या राहिल्या. आम्ही लातूरकडून आलो तेव्हा त्यांनी आमचं आधार कार्ड मागितलं, उलटं धरून बराच वेळ पाहिलं, आणि मग माझ्या पायांच्या भेगांकडे बघून खोली दिली. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना कागद वाचता येत नाही, पण कागद हातात घेतल्याशिवाय चैनही पडत नाही.

त्यांच्या घरात माणसं चार आणि जेवणाच्या वेळाही चार. काका एका गोदामावर वॉचमन, कायम रात्रपाळीला. मुलगा दुसऱ्या शिफ्टला. सून पहिल्या शिफ्टला, सकाळी सहाच्या आत तिची बस. एक उठायचा तेव्हा दुसरा झोपायचा. सणाच्या दिवशी कोणाचा तरी ओव्हरटाइम निघायचा. मावशींचा तवा दिवसभर चुलीवरून उतरत नसे, आणि त्या स्वतः उभ्या उभ्या काहीतरी तोंडात टाकायच्या. एकदा भांडी घासताना मला म्हणाल्या, "सून आल्याला तीन वर्सं झाली. चार ताटं हायत घरात. पण चारी ताटं एकदम कवा खरकटी झाली न्हाईत."

एवढंच त्यांना हवं होतं. देव नको, डोंगर नको, चौघांनी एकदा एका वेळी जेवायला बसावं.

मुलाच्या कंपनीला मशीन दुरुस्तीसाठी चार दिवस सुट्टी लागली. सुनेनं रजा काढली, काकांनी बदली माणूस दिला. घरी राहिलो तर जो तो आपापल्या वेळेला झोपेल, म्हणून बाहेर जायचं मावशींनीच ठरवलं. गाव नाशिक ठरलं. आमच्या ह्यांची व्हॅन होती, कंपनीची माणसं ने-आण करायची. तीच भाड्यानं घेतली, म्हणून मीही मागच्या सीटवर बसले.

नाशिकमध्ये राहायचं कुठं, यावर आठ दिवस आधीपासून चर्चा चालली होती. सुनेला कॉलेज रोडचं एक हॉटेल आवडलं होतं. तिनं मोबाइलवर फोटो दाखवले. पांढऱ्या चादरी, उशीवर फूल. मावशींनी सगळे फोटो बघितले आणि विचारलं, "एवढ्या गाद्या टाकल्यात, पन फोटूत एक बी माणूस कसा न्हाई?" सून म्हणाली, मग समोर जाऊनच बघू. तिथंच तिची चूक झाली.

आधी पंचवटीत एक लॉज बघितला. मावशींनी भिंत वाजवली. ती बरी निघाली असावी, कारण त्या मॅनेजरशी बोलायला लागल्या. भाडेकरू किती दिवस टिकतात, असं त्यांनी विचारलं. तो बिचारा म्हणाला, एक रात्र, फार तर दोन. मावशींचा चेहरा उतरला. आमच्या खोल्यांत माणूस दोन दिवसांत गेला असता तर गावात बोभाटा झाला असता. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "पाणी जातं कवा?"

"जात नाही मावशी. चोवीस तास असतं."

मावशी तोवर जिन्यात पोचल्या होत्या.

मग कॉलेज रोड. काउंटरवरच्या बाईंनी आधार कार्ड मागितलं, तेव्हा मावशी खूश झाल्या. ही आपल्यातली, असं त्यांना वाटलं. पिशवीतून कार्ड काढून त्यांनी दिलं आणि हात तसाच पुढे ठेवला. "आता तुमचं द्या." सून वळून भिंतीवरचं घड्याळ वाचायला लागली. मावशींनी इथंही पाणी कधी जातं विचारलं. बाई अभिमानानं म्हणाल्या, चोवीस तास, गरमसुद्धा. मावशींनी कार्ड परत घेतलं. गाडीत बसताना मला हळूच म्हणाल्या, "गरम बी चोवीस तास हाय." त्या घरात कोणी आजारी आहे म्हणून सांगावं, असा सूर.

आणखी दोन ठिकाणी हेच झालं. मुलाला भूक लागली होती, काका मान टाकून झोपले होते. सून एवढंच म्हणाली, "आई, पाणी नसलेलं हॉटेल नाशिकात निघालेलं नाही अजून." मलाही वाटलं, मावशींचं काहीतरी बिघडलंय.

शेवटी मावशींनी ह्यांना गाडी कारखान्यांच्या बाजूला घ्यायला लावली, सातपूरला. तिथं एक पिठाची गिरणी बघून थांबवली. कुठली खोली रिकामी झाली हे गिरणीवाल्याला घरमालकाच्या आधी कळतं, असं त्या म्हणायच्या. गिरणीवाल्यानं समोरची गल्ली दाखवली. गल्लीच्या तोंडाशी कंपनीचं गेट, शिफ्टच्या बसगाड्या, डबे घेतलेली माणसं. सून खाली उतरली आणि नवऱ्याला म्हणाली, "चार दिवस रजा टाकून आपण परत गेटवरच आलो." काका मात्र एकदम ताजे झाले. ते गेटवरच्या वॉचमनकडे गेले आणि दहा मिनिटांत त्याच्या स्टुलावर बसलेले दिसले.

घरमालकीण मावशींच्याच वयाची होती. दोन खोल्या चार दिवसांसाठी द्यायला ती तयार झाली. तिचे बाकीचे भाडेकरू अकरा वर्षं टिकलेले. पाण्याचं विचारल्यावर ती ओशाळली. सकाळी सात ते साडेसात. वरची टाकी फुटलीय. त्या अर्ध्या तासात जे होईल ते, मग दुसऱ्या दिवशीच.

"घेतल्या खोल्या," मावशी म्हणाल्या. भिंत वाजवायलाही त्या थांबल्या नाहीत.

त्या संध्याकाळी सगळं घरच्यासारखंच झालं. सून दिवेलागणीला झोपली. मुलगा त्याच्या सुट्टीच्या वेळेला बाहेर मिसळ खाऊन आला. काका वॉचमनच्या डब्यातलं जेवले. मावशी आणि मी मालकिणीच्या स्वयंपाकघरात दोघीच बसलो. त्यांनी भाकरी मोडली, पण खाल्ली नाही.

सकाळी सातला पाच कमी असताना त्यांनी दोन्ही खोल्यांची दारं थापटली. "उठा, पाणी चाललं."

पुढचा अर्धा तास मी विसरणार नाही. माणसं सहा, मोरी एक. मुलगा तोंडात ब्रश धरून बादल्या वाहतोय. काका डोक्याला साबण लावून आत अडकलेत आणि तांब्या मागतायत. सुनेनं पदर खोचला आणि कोणी आधी, कोणी नंतर, हे ती कंपनीतल्या लाइन लीडरसारखं सांगायला लागली. सासऱ्यांना तिनं बाहेरून पाच मिनिटं दिली आणि दारावर मोजून थापा मारल्या. आतून काका म्हणाले, "व्हय मॅडम." मी तिला हसताना पहिल्यांदा तिथं पाहिलं.

साडेसातला नळ सूं करून थांबला. सगळे ओल्या केसांचे, सगळे जागे, सगळे भुकेले. गॅलरीत सतरंजी घातलेली होती आणि पोहे तयार होते. चौघं बसले. मावशींनी स्वतःची ताटली मांडीवर घेतली आणि बसूनच खाल्लं. काकांनी सगळ्यांकडे एकेकदा बघितलं आणि विचारलं, "आज काय हाय गं?"

"काय न्हाई. पानी गेलं," मावशी म्हणाल्या.

ताटल्या गोळा करताना त्यांनी मला सांगितलं, सून शेजारीच सतरंजीची घडी घालत होती. घरी बोअर आहे, पाणी दिवसभर. म्हणून कोण कधीही उठतं, कधीही न्हातं. "म्या म्हनलं, येळेला जानारं पानी असंल तिथंच राहू."

तिथं आम्ही तीन सकाळी काढल्या. नाशिकात काय काय बघितलं, ते आता नीट आठवत नाही.

गेल्या वर्षी मावशी गेल्या. चार दिवसांचा ताप, तेवढंच. खोल्या विकल्या, आम्ही शेजारच्या गल्लीत आलो. काका, मुलगा आणि सून मोशीला फ्लॅटमध्ये राहतात, चौथ्या मजल्यावर.

मागच्या रविवारी मी बाजरीचं पीठ द्यायला सकाळीच गेले. बाथरूममधून काकांची हाक आली, पाणी गेलं म्हणून. मुलगा तोंडात ब्रश घेऊन बाहेर आला. सून मागच्या बाल्कनीतून आत आली. तिथं त्यांच्या फ्लॅटच्या पाण्याचा कॉक आहे. तळहाताला लागलेला गंज तिनं ओढणीला पुसला.

"रविवारी साडेसातपर्यंतच असतं," ती म्हणाली. "सोसायटीचा नियम आहे. चला, पोहे गार होतायत."

शेजारच्या फ्लॅटमधला नळ धो धो चालू होता. काका ओल्या डोक्यानं आले आणि बसले. सुनेनं मलाही ताटली दिली, आणि मी बसले.