गो-वेन्ट-गॉन, मु. पो. भवानीनगर

स्पोकन इंग्लिशचा क्लास चालवणाऱ्या माणसाला इंग्रजी किती साचलं हे विचारू नये, किस्से किती साचले ते विचारावं. माझा क्लास भवानीनगरात, खताच्या दुकानाच्या माडीवर. वेळ संध्याकाळी पाच ते सहा. विद्यार्थी सगळे माझ्यापेक्षा वयाने मोठे, त्यामुळे कान पिळायची सोय नाही. आणि मी? क्रियापदांची तिन्ही रूपं मला झोपेतून उठवलं तरी पाठ. फक्त इंग्रजीत कोणाशी बोलायची वेळ आली की घाम फुटतो!

हे गुपित दोघांनाच माहीत. एक मी, दुसरी आमची मंडळी. तिचं एकच म्हणणं, "क्लासबिस पुरे आता. बारामतीच्या एखाद्या शाळेत लागा. माहेरी सांगायला बरं पडतं." मी दरवेळी "बघू" म्हणायचो आणि पाच वाजले की खडू घेऊन माडी चढायचो. खरं सांगतो, त्या तासाभरात आपणही कोणीतरी आहोत असं वाटायचं.

*

पहिल्याच आठवड्यात पाटी रंगवून घेतली. 'साठ दिवसांत अस्खलित इंग्रजी!'

रंगवता रंगवता पेंटरने विचारलं, "सर, तुमाला किती दिवस लागलं शिकायला?"

मी बेसावध होतो. "सतरा वर्षं झाली, अजून चाललंय," म्हणून गेलो.

त्याने ब्रश थांबवला, पाटीकडे पाहिलं. "मग साठ ऱ्हाऊ द्यायचं का?"

*

दत्ता आबा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेले. नातू इंग्लिश मीडियमला. त्याने "आबा, गॅदरिंगला तुम्ही येऊ नका" म्हटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी आबा क्लासला हजर. पहिल्या बाकावर बसायचे. त्यांना तीन रूपं पाठ करायला दिली. म्हटलं, रोजचं काम करता करता म्हणत जा.

चौथ्या दिवशी आबांच्या मालकीणबाई माडीवर आल्या. "सर, ह्यांनी धार काढताना काय म्हणायचं ते मराठीतच म्हणायला सांगा."

"का हो?"

"गो-वेन्ट-गॉन सुरू झालं की म्हस पान्हा चोरतीया!"

घरी हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. आमची मंडळी पोळी लाटत होती. म्हणाली, "म्हशीला कळलं, पण सतरा वर्षांत तुम्हाला कळलं नाही."

*

मग कर्त्याप्रमाणे क्रियापद. एक माणूस असला की 'गोज', अनेक असले की 'गो'. फळ्यावर तक्ता काढला, तास रंगला. घरच्यांवर पाच वाक्यं लिहून आणायला सांगितली. आबांनी वाचलं, "माय एल्डर ब्रदर आर फार्मर. दे गो टू लोणी भापकर."

"आबा, थोरले दादा एकच ना? मग 'ही गोज' म्हणायचं."

आबांनी वही मिटली. "थोरल्याला एकेरी? आवं, आजवर त्येंच्यासमोर खाटंवर बसलो न्हाय मी!"

"पण नियम आहे, आबा."

"इंग्रज त्येंच्या थोरल्याला काय बी म्हणू द्या. आमच्यात हुत न्हाय."

दुसऱ्या दिवशी काठी टेकत, ऐंशीच्या पुढचे थोरले दादा स्वतः माडी चढून आले. दारातच उभे राहिले.

"मला एकेरीत आणणारा मास्तर कोण हाय हितं?"

मी खुर्ची पुसून पुढे केली. म्हटलं, "बसा दादा. दे गो. दे गोच बरोबर आहे!"

*

लासुर्ण्याच्या सुमनकाकू बचत गटाच्या शेंगदाणा चटणीसाठी इंग्रजी शिकायच्या. एकदा तास चालू असताना त्यांना फोन आला. पलीकडचा बाबा फाडफाड इंग्रजीत. काकूंनी मोठ्या विश्वासाने फोन माझ्या हातात दिला. सगळा क्लास कान टवकारून बसला.

मी "हॅलो" म्हटलं. तो बोलला. मी पुन्हा "हॅलो" म्हटलं. तो पुन्हा बोलला. मी फोन कट केला.

"रेंज नाही," म्हटलं.

फोन पुन्हा वाजला. आता काकूंनीच घेतला. "यस. चटणी. टेन केजी. ॲड्रेस सेंड. थँक्यू!" ऑर्डर पक्की!

तास सुटल्यावर काकू जिन्यात थांबल्या. हळूच म्हणाल्या, "सर, रेंज माझ्याच फोनला हुती न्हवं?"

मी चपला शोधत राहिलो. काकूंनी मात्र क्लासमध्ये कुणाला एक शब्द सांगितला नाही. म्हणजे गुपित आता तिघांना माहीत.

*

शेवटी मंडळींनीच माझ्या नावाने अर्ज केला. बारामतीच्या एका शाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा मला कळलं! शाळेची अट अशी की बाहेर क्लास घ्यायचे नाहीत. म्हणजे मी लागलो की माडीला कुलूप.

मंडळींनी परस्पर अर्ज केला इथपासून सगळं क्लासला सांगितलं. वाटलं, रडतील. आबा म्हणाले, "जावा की सर, चांगलं हाय." सुमनकाकू नुसता फळा पुसत राहिल्या, स्वच्छ झाला तरी.

मुलाखत रविवारी. सकाळीच दारात आबांची जीप. आत आठ विद्यार्थी, इस्त्रीचे कपडे घालून. "सरांना एकट्याला कसं सोडायचं?"

शाळेला सुट्टी, वर्गात पोरं नाहीत. मुख्याध्यापिका मॅडमना माझा एक तास बघायचा होता. त्यांनी व्हरांड्यात पाहिलं.

"ही माणसं कोण?"

"माझे विद्यार्थी."

"मग त्यांनाच शिकवा!"

आठही जण बालवाडीच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसले. मी विचारत गेलो, ते सांगत गेले. कोणी अडलं नाही, कोणी चुकलं नाही. आबांनी तर डोळे घट्ट मिटून थोरल्या भावाला 'ही गोज' म्हटलं! मॅडमनी टाळी वाजवली.

मग त्या माझ्याकडे वळल्या आणि हसून इंग्रजीत म्हणाल्या, "व्हाय डू यू वॉन्ट धिस जॉब?"

वॉन्ट, वॉन्टेड, वॉन्टेड. डोक्यात तिन्ही रूपं फिरली, तोंडातून एकही निघेना. घाम कानामागून ओघळायला लागला. आबा जमिनीकडे बघायला लागले. मॅडमनी प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी सावकाश.

बालवाडीचा बाक करकरला. सुमनकाकू पदर सावरून उभ्या राहिल्या.

"मॅडम, ही डझन्ट वॉन्ट. हिज वाइफ वॉन्ट्स!"