जिताड्यासाठी काठी

काठी पारखायला मला कुणी शाळेत शिकवलं नाही. शाळाच चौथीत सुटली. पुढचं सगळं आयुष्य भिवंडीत पॉवरलूमवर गेलं. लूमवर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला तडाखा देणारी एक लाकडी पट्टी असते, आम्ही तिला पिकिंग स्टिक म्हणायचो. तिचा एक फटका बसला की धोटा या टोकाचा त्या टोकाला. नवी पट्टी बसवायच्या आधी मी ती गुडघ्याला लावून वाकवायचो. जास्त वाकली की बाजूला फेकायची. ताठ असेल तीच लावायची. दुसऱ्या कुणाच्या लूमवर पट्टी टिकली नसेल एवढी माझ्या लूमवर टिकली. हे बढाई म्हणून सांगत नाही, पुढं माझी फजिती झाली ती यातूनच झाली म्हणून सांगतो.

ती फजिती झाली तेव्हा बायको जाऊन अकरा महिने होत आले होते.

ती खाडीकाठची. बाप मासे मारायचा, त्यामुळं माशातलं तिला जेवढं कळायचं तेवढं मला लुगड्यातलं-धोतरातलंही कळत नव्हतं. शेवटच्या आजारात तिचं जेवण तुटलं होतं. एकदा म्हणाली, जिताडा खावासा वाटतो. मी बाजारातून आणला. विकणारी शपथेवर बोलली की कालच्या भरतीचा खाडीतला आहे. सुनेनं कालवण केलं. बायकोनं एक घास जिभेवर ठेवला, गिळला आणि ताटली सरकवली.

"ह्यो खाडीचा न्हाय. तळ्यातला हाय. चिखलाचा वास येतोय."

मी म्हटलं, मी स्वतः पकडून आणतो, बघच तू. ती हसली. म्हणाली, "तुमी? गुडघं कुटं ठेवून जाल?" त्यानंतर नवव्या दिवशी गेली. मी खाडीवर गेलोच नव्हतो. गुडघे दुखत होते हे खरं, पण घरात ती होती तोवर तिला सोडून जायला मन घेत नव्हतं हेही खरं.

आमच्या घरात अशी रीत आहे की वर्षाचा विधी झाला की दुसऱ्या दिवशी गेलेल्याच्या नावानं तिखटाचं, म्हणजे मासामटणाचं, पान वाढायचं. त्याला जे आवडायचं तेच. सून म्हणाली, बाबा, बाजारातून चांगला बघून आणू. मी नाही म्हटलं. बाजारातला एकदा आणून झाला होता. या वेळी पानावर जाईल तो खाडीचाच जाईल आणि माझ्या हातचाच जाईल. हातात पाच आठवडे होते.

तरुणपणी मी हातदोरीनं मासे मारलेत. गुडघाभर चिखलात उतरायचं, तिवरांच्या मुळांपाशी जिवंत कोळंबी लावलेला गळ सोडायचा आणि दोरी बोटावर घेऊन उभं राहायचं. जिताडा तिवरांच्या मुळांत दबा धरून बसतो, उघड्या पाण्यात फार फिरत नाही. आता चिखलात उतरणं जमणार नव्हतं. उतरलो असतो तर चार माणसांना मला उपटून काढावं लागलं असतं. म्हणजे बांधावर उभं राहून गळ नेमका मुळांपाशी फेकायला हवा, आणि त्याला काठी हवी.

मुलगा तेव्हा गोदामात कामाला होता. कुणाकडून तरी त्यानं एक काठी आणून दिली. हल्ली सगळ्यांकडं असते तीच, रीळ खाली लोंबकळणारी. ती फेकताना दोरा अंगठ्याशेजारच्या बोटावर अडकवून धरावा लागतो. माझ्या त्या बोटाची दोन पेरं लूमनं फार पूर्वीच घेतली आहेत. दोरा अडकवायचा कशावर? दहा वेळा फेकली, दहा वेळा गळ माझ्याच पायाशी. मुलाला वाईट वाटू नये म्हणून मी म्हटलं काठी चांगली आहे, माणूस तुटका आहे.

मग निजामपुऱ्यात गेलो. तिथं एका गल्लीत, दोन्ही बाजूंनी लूमचा खडखडाट, मध्ये एक दुकान होतं. जाळ्यांचा दोरा, गळ, शिसं असलं सगळं तिथं मिळायचं. दुकानदार बरीच वर्षं आखातात काढून आलेला. येताना समुद्रात मासे मारायच्या काठ्या घेऊन आला होता, त्या कोपऱ्यात उभ्या करून ठेवलेल्या. माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, तोंडात कायम बडीशेप. मी त्याला तुटकं बोट दाखवलं आणि विचारलं, या हातानं फेकता येईल अशी आहे का.

त्यानं रीळ वर बसवलेली काठी काढली. मुठीखाली बंदुकीच्या घोड्यासारखा एक आकडा होता. माझं उरलेलं थोटूक त्याच्यावर असं बसलं की जणू तो त्याच्यासाठीच केला होता. दोरा बोटावर धरायची गरज नाही, रिळाचा लाटा, म्हणजे दोरा गुंडाळलेली फिरकी, अंगठ्यानं दाबायचा आणि फेकताना अंगठा सोडायचा. मी म्हटलं हीच जात पाहिजे.

तो म्हणाला, "चाचा, ये दस उंगलीवाल्यांना पण जमत नाही. लाटा पळतो, दोरा बाहेर जात नाही, आतच पक्ष्याचं घरटं होतं."

"मला दहा नाहीत म्हणूनच मागतोय," मी म्हटलं.

मग त्यानं समजावलं. काठी साडेसहा-सात फुटांची घ्या, बांधावरून तेवढी पुरते. टोक नरम असू दे आणि मुठीकडं कणखर. दोनचार काठ्या त्यानं हलवून दाखवल्या. मी एकेक घेऊन गुडघ्याला लावून वाकवू लागलो. तो कळवळला, अहो मोडाल. मी म्हटलं, मोडणारी मला नकोच आहे. टोकं लवलवणाऱ्या सगळ्या मी परत ठेवल्या. शेवटी एक मिळाली, आखूड, जाड, ताठ. वाकायचं नावच नाही. तो म्हणाला ही खोल समुद्रात बोटीवरून मोठा मासा उपसायला आहे, खाडीत हिचं काम नाही. मी म्हटलं, भाई, तू विकायचं काम कर, पारखायचं माझ्यावर सोड. लूमच्या कामात मला कुणी दुसऱ्यांदा काही सांगायला येत नसे, त्याचीच ती मस्ती.

पहिल्या दिवशी बांधावर काय झालं ते सांगतो. झटका मारला की कोळंबी गळातून सुटून वेगळी उडायची आणि रिकामा गळ वेगळा. ताठ काठी सगळा हिसका कोळंबीलाच द्यायची. वर रिळात दोऱ्याचा असा गुंता, की सोडवायला चहाच्या दोन वेळा गेल्या. तरी चौथ्या दिवशी एक लागला. भरती नुकतीच चढायला लागली होती. दोरा ताणला, पाणी फुटलं आणि जिताडा हातभर वर उडाला. मान झटकली. पितळेच्या पातेल्यासारखा चमकला. मी लूमवाल्या हिशेबानं काठी मागं खेचली. काठी वाकली नाही, त्यामुळं वाकायचं काम माशाच्या जबड्याला करावं लागलं. जबडा फाटला, गळ मोकळा माझ्याकडं आला. गळावर ओठाचा एक पातळ तुकडा होता.

मी बांधावर बसलो. तीन आठवडे उरले होते. तिथं मी रडलो, लपवण्यासारखं त्यात काही नाही. माशासाठी कोण रडतं? पण ती असती तर म्हणाली असती, घ्या, आता फटके मारा पाण्याला.

दुसऱ्या दिवशी काठी घेऊन दुकानात गेलो. गळ तसाच होता, तो तुकडा वाळलेला. दुकानदारानं बघितलं आणि बडीशेपेचा डबा माझ्यापुढं सरकवला. "मी सांगितलेलं ऐकलं नाहीत," असं काही तो बोलला नाही. बोलला असता तर मी तिथून निघून गेलो असतो, मग सगळंच राहिलं असतं.

"कुणासाठी मारताय?" एवढंच त्यानं विचारलं. मी सांगितलं. ती काठी परत घेऊन त्यानं नव्यानं सगळ्या काढल्या.

या वेळी मी वाकवायची पद्धत बदलली. गुडघा नाही. टोकाला दोऱ्यानं शिशाचा गोळा बांधला आणि काठी हळूच उचलली. टोक गोळ्याच्या वजनानं वाकलं पाहिजे, म्हणजे फेकताना कोळंबी झुल्यावर बसल्यासारखी जाईल. मग दुकानदाराला दोरा धरून ओढायला लावलं. आधी टोक वाकलं पाहिजे, मग मध्य, आणि मुठीजवळ येऊन वाक थांबला पाहिजे, म्हणजे मुळांत घुसणारा मासा मला आवरता येईल. सात फुटांची एक तशी निघाली. एकच सांधा, मध्ये सुटी होणारी, रिक्षात मावणारी.

पण घ्यायच्या आधी मी खिशातून बारीक सुताचा धागा काढला. दोरा ज्या कड्यांतून जातो त्या प्रत्येक कडीतून तो फिरवला. कडीच्या आतल्या चकतीला केसाएवढी चीर असली तरी सूत अडकतं, डोळ्याला दिसत नाही. लूमच्या फणीतली खोट मी अशीच शोधायचो. चौथ्या कडीत सूत अडकलं आणि तुटलं. दुकानदारानं काठी उजेडात धरली, भिंग लावलं, मग माझ्याकडं बघितलं.

"चाचा, मला या धंद्यात वर्षं झाली, तरी मला नाही दिसली."

मी म्हटलं, खाऱ्या पाण्यात ही चीर महिनाभरात तुझा दोरा कापेल. त्यानं तसलीच दुसरी काढली. तिच्या सगळ्या कड्यांतून सूत सरसर गेलं. तीच घेतली. म्हणजे तो शिकवत होता ते बरोबर होतं आणि मला येत होतं तेही फुकट गेलं नाही. ते कुठं वापरायचं तेवढं कळायला हवं होतं.

राहिला रिळाचा गुंता. अंगणात मी गळाऐवजी लोखंडी नट बांधून फेकायला बसलो. सुनेनं तिचं धुण्याचं घमेलं लांब ठेवून दिलं, म्हणाली यात टाका. म्हणाली, बाबा, घमेल्यात तरी मासा नाही, त्याला घाबरू नका. लूमच्या बीमला, म्हणजे ताण्याचं उभं सूत गुंडाळलेल्या रुळाला, साखळी गुंडाळून वजन लावतात, नाहीतर बीम धावतो आणि ताणा ढिला पडतो. हे मला माहीत होतं, म्हणून मी अंगठा दाबून धरायचो. मग नट तीन हातांवर पडायचा. सोडला की गुंता. साखळी एक तर असते नाहीतर नसते, तिला मधलं काही येत नाही.

चौथ्या का पाचव्या दिवशी धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरायचं यंत्र ओटीवर होतं, त्याच्याकडं लक्ष गेलं. बायको कितीतरी वर्षं त्याच्यावर घरी कांड्या भरायची. एका हातानं चाक, दुसऱ्या हाताचा अंगठा धाग्यावर. तिचा अंगठा मला आठवला. ती दाबायची नाही आणि सोडायचीही नाही. अंगठा धाग्यावर नुसता बसलेला असायचा, धागा खालून पळायचा. कांडी भरत आली की अंगठा आपोआप जड व्हायचा. बोलता बोलता, सुनेला ओरडता ओरडता, भात बघायला मान वळवून. तिची कांडी कधी ढिली निघाली नाही. मी तिच्या भरलेल्या कांड्यांवर घर चालेल एवढं कापड काढलं आणि तिच्या अंगठ्याकडं एकदाही नीट बघितलं नव्हतं.

मी डोळे मिटले आणि तिच्यासारखा अंगठा ठेवला. नट गेला. घमेल्याच्या काठावर टण्ण वाजला. सून आतून म्हणाली, फुटलं का काय?

वर्षाच्या विधीच्या दिवशी ब्राह्मण गेला, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे उजाडताना मी बांधावर होतो. भांगाची भरती, उधाण नसलेली, पाणी मंद. तिसऱ्या फेकीला कोळंबी तिवराच्या मुळापासून वीतभर अंतरावर पडली, आवाजही झाला नाही. दोरा एकदा थांबला, मग गेला. मी हिसका दिला नाही. काठी वाकली, मुठीपर्यंत वाकत आली आणि तिथं थांबली. जिताडा उडाला तेव्हा काठीचं टोक त्याच्याबरोबर खाली गेलं. अंगठ्याखाली दोरा पळत होता, मी पळू दिला. मग तो दमला आणि मी त्याला चिखलावरून सरकवत बांधाला आणला. फार मोठा नव्हता. दोन ओंजळींत मावेल एवढा. घरी आणल्यावर सुनेनं मुलाला मिस कॉल दिला, काम झालं याची ती खूण.

कालवण सुनेनं केलं, सासूनं शिकवलं तसं, आमसूल शेवटी घालून. पान वाढताना ती थांबली. पानावर ठेवायच्या आधी आमच्यात कुणी चाखत नाही. तिला मागचं आठवलं असणार.

"बाबा, बरा असंल ना? खाडीचाच वाटतोय ना?"

मी म्हटलं, "वाढ. तळ्यातला असता तर तिनं मला गळ फेकूच दिला नसता."

तिनं वाढलं. डोक्याचा तुकडा वर, बायकोला तोच लागायचा. मी पानासमोर बसलो. हातांना अजून खाडीचा वास होता, तो मी धुतला नव्हता.