दोन्हीकडचा माणूस

गेल्या उन्हाळ्यात पोरीनं नोकरी सोडली आणि अमरावतीच्या आमच्या घरातच वेबसाइट बनवायला बसली. पहिलं काम अकोल्याच्या एका मंगल कार्यालयाचं होतं, पण ते अजून मिळायचं होतं. पाहुण्यांनी मोबाइलवर भरायच्या फॉर्मचा नमुना तिनं केला होता. दुसऱ्या दिवशी तो मालकांना दाखवायचा. पसंत पडला तर ठीक, नाहीतर पुन्हा पुण्यात नोकरी, हे तिनंच ठरवलेलं. माझा पाय मात्र सकाळपासून घरात ठरत नव्हता. शेवटी तिनं मला खुर्चीत बसवून हाती मोबाइल दिला.

"भाचीच्या लग्नाले गेलते ना बाबा, तसंच भरा. मी काईच सांगनार नाई, नुसती पाहीन."

पहिलाच प्रश्न: आपण कोणाकडचे? वधूपक्ष की वरपक्ष?

आता नवरी माझ्या बहिणीची मुलगी आणि नवरदेव माझ्या बायकोच्या भावाचा मुलगा. म्हणजे मी तिचा मामा आणि त्याचा आतोबा. मी वधूपक्ष दाबला. पुढचं पान विचारू लागलं: स्वागताला उभे राहाल? पंगतीत वाढाल? मी गुपचूप मागे आलो आणि वरपक्ष दाबला. तिथं खोली, गरम पाणी, फेट्याचा रंग. केशरी निवडला. पण मामाचा पत्ताच नाही. पुन्हा मागे, तर फेटा गेला. चार-पाच खेपा झाल्या. पोर शांत बसून पाहत होती, त्यानं मी अजूनच चुळबुळलो.

"कावून अडून राहिले?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "लग्नातही असंच केलं यायनं. फेटा बांधून वराकडच्या पंगतीत बसले, अन् मामा वाढाले कुठी गेले म्हनून आवाज आला तं भरल्या ताटावरून उठले."

पोरीनं कागदावर दोन बाण काढून ठेवले होते, दोन वाटांचे. मधून तिनं पेन्सिलीनं तिसरा ओढला.

"दोन्हीकडचा मानूस तिथं करते काय, बाबा?"

"फेटा घालून इकडून तिकडं पयते. अन् सगळ्याच्या मांगून जेवते."

तिनं तेही लिहून घेतलं.

"ऐन वेळी नमुना बिघडला तं?"

"बिघडवला तं तुमीच."

अकोल्यात मालकांनी मोबाइल आपल्या बायकोच्या हाती दिला. लग्नाचं सगळं तीच पाहते म्हणाले. मी खुर्ची सोडून दारात उभा, दारातून पुन्हा खुर्चीत. बाईंनी काही न विचारता रात्रीतून वाढवलेलं तिसरंच बटण दाबलं, 'दोन्हीकडचे'. पुढच्या पानावर 'उशिरा जेवणार' दिसलं आणि त्या थांबल्या.

"हे कोनं सुचवलं? किती ताटं राखून ठेवाची, हेच आमाले कदी समजत नाई."

पोरीनं माझ्याकडे बोट दाखवलं. काम तिला मिळालं.

परतीच्या बसमध्ये तिनं पुन्हा मोबाइल पुढे केला, एकदा नीट तपासा म्हणून. माझं बोट आधी वरपक्षावरच गेलं. फेटा तिथं पहिल्या पानावर आहे.