जीवन म्हात्रेची अडलेली कादंबरी

जीवन म्हात्रेची कादंबरी दोन वर्षं एकाच जागी अडून बसली होती. मुळात ट्रेलर चालवणाऱ्या माणसाला कादंबरीचं वेड लागावं हेच घरात कुणाला पटलं नव्हतं. पण उरणच्या बंदराबाहेर रांगेत ताटकळताना बाकीचे ड्रायव्हर पत्ते कुटायचे आणि हा मोबाईल तोंडासमोर धरून कादंबरी बोलायचा. मोबाईल ती लिहून घ्यायचा. कुणाचं काय जातंय!

गोष्ट मिठागरावरच्या प्राप्ती नावाच्या मुलीची. ती दुसऱ्या जातीच्या मुलाबरोबर पळून जाते आणि बाप तिचं नाव टाकतो. इथवर गाडी सुसाट आली. पण तिला परत आणायची कशी? आधी जीवनने तिला मागच्या दारानं आणली. ते त्याचं त्यालाच खोटं वाटलं. मग बापाला आजारी पाडला, तर तो मरायला टेकला तरी वाकेना.

आता ही प्राप्ती कोण, हे त्यांच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. जीवनची धाकटी बहीण सुचिता थळच्या एका कोळ्याच्या मुलाशी लग्न करून गेली, तेव्हा त्यांचा बाप धर्मा भरल्या ताटावरून उठला होता. "तिचं नाव या घरात निघालं, की मी उपाशी," एवढंच तो बोलला. त्यानंतर नाव निघालं नाही. धर्मा जाऊन चार वर्षं झाली तरी नाही. थळ काही सातासमुद्रापार नव्हे, गाडीने तासाभराची वाट. जीवन कधीमधी रस्त्यावरून तिला चोरून फोन करायचा आणि घरी येऊन गप्प बसायचा. शूर गडी!

त्याची आई येसूबाई धवलारीण. आगरी लग्नात धवले गाऊन सगळे विधी पार पाडणारी बाई म्हणजे धवलारीण, आणि येसूबाईच्या गळ्यावर आजूबाजूच्या गावांतली निम्मी लग्नं लागलेली. कुणाची आत्या कोण, मावशी कोण, सगळं तिला तोंडपाठ. गाण्यात एकेकीचं नाव घ्यायचं आणि हळद लावायला उठवायचं. जिचं नाव घेतलं तिने हळद लावल्याशिवाय पुढचं कडवं नाही, हा तिचा दंडक. त्यापायी तिने भल्याभल्यांचे मांडव खोळंबून ठेवले होते.

जीवनच्या मुलीचं, दिपालीचं लग्न ठरलं. घरात पाहुण्यांची वर्दळ सुरू व्हायच्या आत कादंबरीचा एकदाचा निकाल लावावा म्हणून जीवन ओट्यावर बसला आणि त्याने मोबाईलला सांगून टाकलं, की प्राप्ती खाडीत बुडून मेली.

आत येसूबाई तांदूळ पाखडत होती. सूप हातात घेऊनच ती बाहेर आली.

"मारलीस तिला?"

"आये, कादंबरी हाय ती."

"कोनाला इचारून मारलीस?"

"मंग काय करू? तिला परत यायला रस्ताच न्हाय. बापूस बोलवीत न्हाय, भाऊस बोलवीत न्हाय."

"आन् आईस?"

"आईस पन गपच हाय," जीवन बोलून गेला.

येसूबाई तशीच आत वळली. नंतर दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिला राग आलाय असं जीवनला वाटलं.

हळदीच्या दिवशी दिवेलागणीला मांडव भरला. डीजेवाल्याला गप्प बसवून येसूबाई नातीसाठी गायला बसली. देवांची नावं झाली, गावदेवीचं झालं, मामी झाली, मावशी झाली. आता आत्या. घरच्या दर कार्यात सख्ख्या आत्येच्या जागी चुलत आत्या रचनाला उठवायचे, तशी ती पदर खोचून तयारच होती.

येसूबाईने सूर लावला, "सुचिता आत्येला बोलवा गो, हलद नवरीला लावाया."

रचना उठता उठता पुन्हा खाली बसली. येसूबाईने तीच ओळ पुन्हा म्हटली. मग पुन्हा. म्हातारा चुलतदीर रामचंद्र खाकरून म्हणाला, "वयनी, पुढं चला." ती पुढे गेली नाही. दिपाली पाटावर बसलेली, हळदीची वाटी तशीच, आणि आजीचा आवाज फाटत चाललेला. तरी ओळ तीच.

जीवनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कादंबरीतल्या बापाला वाकवायला तो दोन वर्षं झटत होता. खरा बाप कधीच गेला होता. सुचिताला कोण बोलवत नव्हतं? तोच! घरचा कर्ता होता, आणि त्याने एकदा तोंड उघडलं असतं तर काम झालं असतं.

त्याने खिशातून मोबाईल काढला, सुचिताला फोन लावला आणि भर मांडवात, सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला, "सुचे, तुझ्यापायी हलद थांबलीय. आईक." मोबाईल त्याने आईच्या दिशेने धरला.

येसूबाई गातच होती. पलीकडून बराच वेळ नुसतं रडणं आलं. मग सुचिताने विचारलं, "दादूस, कंच्या दारानं येऊ?"

"पुढच्या," जीवन म्हणाला. "मी दारात उभा हाय."

जीवन दारात जाऊन उभा राहिला आणि येसूबाईने तीच ओळ धरून ठेवली, मोटारसायकलचा दिवा वळणावर दिसेपर्यंत.