दोन गाड्या आणि साहेबांचा गुडघा

साहेबांच्या अधू गुडघ्यावर माझी नोकरी उभी होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

मी राजापूरकडचा, पाचवीत शाळा सुटलेला. पिंपरीच्या माळावर नवा कारखाना उठत होता, तिथे माती उपसायला आलो. तिथल्या इंजिनिअरसाहेबांनी मला मोटार शिकवली, लायसन काढून दिलं, बंगल्यामागची खोली दिली. इतकं माझ्यासाठी सख्ख्या काकानेही केलं नसतं. पुढे कामावर एक लोखंडी तुळई निसटून त्यांच्या डाव्या गुडघ्यावर आली. पाय वाचला, पण गुडघ्यात जोर राहिला नाही. तेव्हापासून गाडी मी चालवायचो.

अशात कुठल्याशा खालसा संस्थानातल्या दोन गाड्या पुण्यात विकायला आल्या. दोन्ही जुन्या, बुटक्या, उघड्या टपाच्या, पळण्यासाठीच बनवलेल्या. एक विलायती, हाताने गिअर टाकायची. दुसरी अमेरिकन, तिला क्लचच नव्हता, गिअर आपोआप बदलायचे.

"तू बोल, कुठली घेऊ?" साहेबांनी विचारलं.

क्लच नाही म्हणजे डाव्या पायाला काम नाही. म्हणजे साहेब स्वतःच चालवणार. मग माझं काय? म्हणालो, "अमेरिकन बिघडली तर इथे तिला हात लावणारा मिळायचा नाही, साहेब."

यात खोटं काही नव्हतं. फक्त ते मी गाडीसाठी बोललो नव्हतो.

साहेबांनाही मनातून हाताने टाकायचे गिअरच हवे होते. "मग विलायती. पण घेण्याआधी मी स्वतः चालवून बघणार."

दुसऱ्या दिवशी ते चालवायला बसले, मी शेजारी. भोसरीपर्यंत सगळं ठीक होतं. मोशीच्या पुढे पूल ओलांडला आणि चढावर कांद्याच्या बैलगाड्यांची रांग आडवी आली. चाकणचा बाजार होता. रांग थांबली, आम्हीही थांबलो. आमच्या पुढच्या गाडीच्या मागच्या कडेवर एक म्हातारी पाय खाली सोडून बसली होती.

साहेबांनी पहिला गिअर टाकून क्लच दाबून धरला. रांग हलेना. त्यांची मांडी थरथरायला लागली. "साहेब, गिअर काढा," मी म्हणालो. "थांब रे, निघतील आता," ते म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. मी हँडब्रेकवर हात नेला आणि तेवढ्यात गुडघ्याने दगा दिला. क्लच सुटला, गाडीने पुढे उसळी घेतली. मी ब्रेक खेचला. इंजिन बंद पडलं.

म्हातारीचे गुडघे आणि आमचा बंपर यांत वीतभर जागा उरली होती. तिने सावकाश पाय वर घेतले.

"मांडीवर बसायचा इचार हाय का रं? हाकाया येत न्हाई तर म्होरं बैल जोडा की."

गाडीवान हसला. साहेब हसले नाहीत. खाली उतरून, गाडीला धरत धरत, ते माझ्या बाजूला आले. मी स्टिअरिंगवर बसलो.

परत फिरल्यावर मी म्हणालो, "साहेब, अमेरिकन घ्या."

"काल तर नको म्हणालास."

"काल मी माझ्या पोटाचं बघितलं."

भोसरी आली. मग साहेब एवढंच म्हणाले, "तिचे पाय गेले असते रे."

अमेरिकन आली. आठ दिवस मी शेजारी बसलो. जुन्या सवयीने त्यांचा डावा पाय क्लच शोधत ब्रेकवर पडायचा आणि आम्ही दोघे काचेवर आदळायचो. शेवटी त्यांनी तो पाय मागे दुमडून ठेवायची सवय लावून घेतली. नवव्या दिवशी ते एकटेच तळेगावच्या बाजूला गेले. मी फाटकाशी उभा राहिलो. गिअर कुठे बदलला ते ऐकू येईना, त्यामुळे ते कुठवर पोचले याचा अंदाज लागेना. देवाचं नाव घेत होतो, पण कुणासाठी ते आज सांगता यायचं नाही.

तासाभराने धुळीने माखलेले साहेब परतले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता.

"उद्यापासून कारखान्याच्या लॉरीवर जा," ते म्हणाले. "सांगून ठेवलंय मी. खोली मात्र रिकामी करावी लागेल."

मी "हो साहेब" म्हणालो आणि गाडी धुवायला बादली आणायला गेलो.