मागचं डावं चाक

फुटलेला टायर परवडला. तो फुटतो, आवाज होतो, आपण खाली उतरून कंबरेवर हात ठेवतो, स्टेपनी चढवतो, विषय संपतो. आमच्या गाडीचं मागचं डावं चाक त्या जातीचं नव्हतं. त्यात सोमवारी बत्तीस हवा भरावी, मंगळवारी ते ताठ, बुधवारी ताठ, आणि गुरुवारी सकाळी मी दुधाची पिशवी घेऊन फाटकातून आत येतो तर साहेब बसलेले. पूर्ण नाही. पंगतीत जेवण जास्त झालेल्या माणसासारखे, एका कुल्ल्यावर कललेले.

दसऱ्यानंतर हे सुरू झालं. पहिल्या दोन वेळा मी हवा भरली आणि गप्प बसलो. न दिसणाऱ्या दुखण्याकडे लक्ष दिलं नाही की ते कंटाळून निघून जातं, असं माझं जुनं मत आहे. दोन दाढा गेल्या तरी ते मी सोडलेलं नाही.

तिसऱ्या वेळी चाक बसलं ते थेट व्याह्यांच्या अंगणात.

मुलीचं सासर खालापूरच्या अलीकडे, भातशेतीवालं घर. तिला सातवा चालू होता आणि त्या दिवशी तिचं डोहाळजेवण होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. आठव्या महिन्यात पोटुशीने प्रवास करायचा नाही, हीसुद्धा आमच्याकडचीच रीत. म्हणजे सातवा संपायच्या आत लेकीला आमच्याकडे भिसेगावला आणायला हवं. बायकोने मागची खोली रंगवून घेतली होती, डिंक आणि आळीव डब्यांत भरले होते, जुन्या सुती साड्यांची इतकी दुपटी शिवली होती की गावातल्या सगळ्या बाळांना पुरून उरतील.

ओटी भरून होतेय तोच बाहेरून कुणीतरी ओरडलं, "पावण्यांची गाडी बसली रं!" अख्खं डोहाळजेवण अंगणात आलं. माझी मुलगीसुद्धा आली, फुलांच्या मुकुटासकट.

मी रुबाबात स्टेपनी काढली. व्याह्यांनी तिच्यावरून हात फिरवला. नक्षी नावाचा प्रकार तिच्यावर माझ्या डोक्याइतकाच उरला होता.

"पावणं, हा टायर हाय का कलिंगड?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. व्याही हसले नाहीत. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "राग धरू नका, पण पोर हितंच राहू द्या. रातीबेराती कळा लागल्या तर दवाखान्यात ह्याच गाडीत न्याल ना तुमी? आमच्या दाराशी टेंपो उभा असतो."

"चाक दुरुस्त करतो की. किरकोळ आहे."

"करा. आठवा लागाय बारा दिस हायेत. चाक बरं झालं की न्या."

कलिंगडावर बसून आम्ही घरी आलो. दारात उतरताना बायको बोलली, "पंचवीस वर्षं नोकरी केलीत. एक चाक सांभाळता येत नाही?" नोकरीचा आणि चाकाचा संबंध मी विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी चार फाट्याच्या पुढे पत्र्याच्या शेडमधला पंक्चरवाला गाठला. बायकोही आली, कारण माझ्या एकट्याच्या साक्षीवर तिचा विश्वास राहिला नव्हता. पंक्चरवाला पन्नाशीचा, हात कोपरापर्यंत काळे. त्याने व्हॉल्व्हचं टोपण काढलं, बोट जिभेला लावलं आणि ते व्हॉल्व्हच्या तोंडाकडे नेलं.

"अहो, अहो, थांबा!" बायको गाडीतूनच ओरडली. "पूजेचं चाक आहे ते! थुंकी काय लावताय?"

चाकावर दसऱ्याचं हळदकुंकू अजून होतं. पूजेचं कुंकू आपणहून जाईपर्यंत पुसायचं नाही, हा आमच्या घरातला कायदा. चारही टोपणं पितळेची. ती तिने दसऱ्याला देवाच्या समईबरोबर चिंचेने घासली होती आणि काढून दिली होती मी. ती कठड्यावर वाळत असताना आम्ही पूजा उरकून घेतली होती. मागचं डावं चाक पायरीजवळ येतं, म्हणून सगळ्या चाकांच्या वतीने हळदकुंकू, अक्षता आणि नारळाचं पाणी असा मुख्य मान त्याला मिळाला होता.

"बाई, मी थुंकतोय कुठं? बोट लावतोय," पंक्चरवाला म्हणाला.

"तेच ते."

"र्‍हायलं," तो म्हणाला आणि टोपण गच्च आवळून चाक पाण्याच्या टाकीत घातलं. तो मनातून दुखावला होता हे त्याच्या पाठीवरून दिसत होतं. आम्ही तिघं टाकीवर ओणवे झालो. एक बुडबुडा नाही.

"टायर नवा, खिळा नाय, काटा नाय. हवा जात नाय, सायेब."

"मग कमी कशी होते?"

"त्ये तुमी बघा."

तीन दिवसांनी चाक पुन्हा कललं.

त्यानंतर मी जे काय केलं ते आठवलं की माझा मलाच राग येतो. शेजाऱ्याने सांगितलं की रिमच्या कडेला गंज असेल. टायर सोडवून रिमची कड घासून घेतली. कुणी म्हणालं, आत चिकट औषध सोडा, ते भोक शोधून बुजवतं. सोडलं. त्याला भोक सापडलं नसावं. कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाताना मी एकदा काट्यांत गाडी लावली होती, म्हणून चष्मा लावून टायरची एकेक खाच तपासली. बारीक खडे निघाले, ते मी एका वाटीत जपून ठेवले. कशासाठी, ते विचारू नका. मग एका दुपारी डोकं चाललं, की चाकांची अदलाबदल करावी. मागचं डावं पुढे उजवीकडे लावलं. तिसऱ्या दिवशी गाडी पुढे उजवीकडे झुकली. दोष रस्त्याचा नाही, उभं करायच्या जागेचा नाही, त्याच चाकाचा आहे, एवढं सिद्ध झालं. मी हा शोध बायकोला मोठ्या उत्साहाने सांगितला.

"हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," ती म्हणाली. चाक पुढे गेलं तरी घरात त्याचं नाव मागचं डावं हेच राहिलं.

हवा मोजायचं मीटर मी विकत आणलं. सकाळी मोजायचो, ऑफिसला जाताना मोजायचो, आल्यावर मोजायचो. दर वेळी मीटर लावताना आणि काढताना फुस्स व्हायचं. चौथ्या दिवशी बायको खिडकीतून म्हणाली, "अहो, तुम्हीच काढून टाकताय ती. निदान उरलेली तरी राहू द्या."

शेवटी शँपूच्या चार पुड्या बादलीत फेसून मी अख्खं चाक माखलं. फेस कुठे फुगतो ते पाहायचं असतं. टायर माखला, रिमची कड माखली. फक्त टोपणाभोवतीचा चार बोटं भाग ब्रशने हळूच चुकवला, कारण तिथे कुंकू होतं. हे मी भक्तीने केलं असंही नाही. घरात वाद नको, एवढाच माझा धर्म. फेस वाळेपर्यंत पाटावर बसून होतो. चाक देवासारखं शांत.

रोज संध्याकाळी मुलीचा फोन यायचा. आधी ती "बाबा, झालं का?" विचारायची. पुढे नुसतंच "बाबा?" म्हणायची. आणि मग आईला फोन द्या म्हणायची. एकदा मी पलीकडच्या खोलीतून ऐकलं, बायको तिला सांगत होती, "असू दे गं. तिथेही सगळे चांगलेच आहेत." फोन ठेवल्यावर ती दुपट्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत बसली.

अकराव्या दिवशी मी हवा ठासून भरली आणि आम्ही दोघं न सांगता खालापूरला गेलो. काहीतरी खोटं बोलायचं असं मी वाटेत ठरवत होतो, पण व्याही अंगणातच भाताच्या पेंढ्यापाशी उभे. त्यांनी मला रामराम घालायच्या आधी चाकाला घातला. बैल बघावा तसं चहूबाजूंनी पाहिलं, टाचेने दाबलं, काठीने वाजवलं.

"सापडलं का?"

"सापडल्यासारखंच आहे."

"म्हंजी नाय."

बायकोचा बांध तिथे फुटला. "दादा, पहिलं बाळंतपण आहे. मी काय सांगू माणसांना? चाकामुळे लेक आणली नाही म्हणून?"

"वयनी, मी काय हौसेनं म्हणतोय का?"

मी मध्ये पडलो, दोघांनी मला गप्प बसवलं. तेवढ्यात मुलगी बाहेर आली. एक हात कंबरेवर, चेहरा असा की तिने आम्हा तिघांनाही कोपऱ्यात उभं केलं असतं.

"बाबा, व्हॉल्व्ह बघितला का?"

"पंक्चरवाल्याने बघितला."

"कसा?"

मी बायकोकडे पाहिलं. बायकोने पेंढ्याकडे पाहिलं.

मुलीला उकिडवं बसता येत नव्हतं. तिने प्लॅस्टिकचं स्टूल ओढलं, चाकापाशी बसली आणि टोपण काढलं. आतून लालभडक. कॉलेजला तीन वर्षं ती स्कूटरवर जायची. हवेचं दुकान बंद असलं की काय करायचं, हे तिने मला न विचारता शिकून घेतलं होतं. तिने बोट जिभेला लावलं.

"अगं, अगं, पूजेचं..."

"आई, मला तुझ्याकडे यायचंय की नाही?"

बोट व्हॉल्व्हच्या तोंडावर टेकलं. आम्ही सगळे वाकलो. काही नाही. काही नाही. मग तिथे एक गुलाबी फुगा धरायला लागला. फुगत गेला, फुगत गेला, इतक्या सावकाश की मला त्याची मान पिरगाळावीशी वाटली, आणि फुटला. मागोमाग दुसरा.

व्याह्यांनी घरातून व्हॉल्व्हमधली पिन काढायची चावी आणली. पिन बाहेर आली तिच्या रबराला कुंकवाचा चिखल आणि अक्षतेची मोडकी कणी चिकटलेली. पूजेच्या दुसऱ्या दिवशी मी हवा भरायला गेलो तेव्हा नळीच्या दाबाने ती बरोबर पिनेच्या बुडाशी जाऊन बसली असणार. टोपण घट्ट लावलं की गळती अर्धीमुर्धी दबायची, म्हणून टाकीतही काही दिसलं नाही. तीन आठवडे मी रिम, रस्ता, काटे, हवामान यांना दोष देत होतो, आणि टोपणं काढून देणारा मी.

बायकोने कणी तळहातावर घेऊन पाहिली. "मी तांदूळ निवडून घेतले होते," एवढंच म्हणाली.

"रबर गेलं हिचं," व्याही म्हणाले आणि गोठ्यामागे गेले. तिथे त्यांची जुनी मोटारसायकल पडून होती. तिच्या चाकाची पिन काढून त्यांनी आमच्या चाकात बसवली. पायपंप मला मारायला लावला. मी घामाघूम झाल्यावर त्यांनी स्वतःचं बोट ओलं करून टेकवलं. जेवणं झाल्यावर पुन्हा टेकवलं. चहा झाल्यावर पुन्हा. फुगा आला नाही. तिसऱ्या वेळी ते तिथेच बसून राहिले.

"बरं झालं," मी म्हणालो.

"झालं खरं." त्यांनी बोट धोतराला पुसलं. "पोरीला ठिवून घ्यायला माझ्याकडं सांगायसारकं येवढंच व्हतं, पावणं. त्येबी मीच बुजवलं. जावा घेऊन."

जावई कंपनीत पहिल्या पाळीला गेले होते, त्यांना फोन लावला. विहीणबाईंनी पिशव्या भरल्या. मुलगी मागे बसली, बायको तिच्या शेजारी, दोघी एकाच वेळी बोलत होत्या. मी गाडी काढली तर आरशात व्याही. नव्या मोटारसायकलवर, मागोमाग. मी हळू केलं की हळू, जोरात केलं की जोरात. बत्तीस हवा भरलेल्या चाकाला पहारा! खोपोली मागे पडली तरी माणूस हटेना. मला वाटलं, आता हा भिसेगावपर्यंत येऊन फाटकात चाक वाजवणार.

पळसदरीच्या अलीकडे त्यांनी हॉर्न दिला आणि हात केला. मी चरफडत गाडी कडेला घेतली.

"पावणं, मागचं उजवं बघा जरा. कमी वाटतंय."

मागच्या उजव्याने आजवर कधी तक्रार केली नव्हती. मी धुसफुसत उतरलो, वाकलो, अंगठा दाबला. दगडासारखं टणक होतं. तसं सांगायला मान वर केली, तर व्याही दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी उभे. सून त्यांना काहीतरी सांगत होती आणि ते नुसते "व्हय गं, व्हय" म्हणत होते. त्यांचा हात खिडकीच्या काचेवर होता, आणि दोघांपैकी कुणालाही चाकाची आठवण नव्हती.

मी पुन्हा खाली वाकलो आणि ते चाक आणखी थोडा वेळ दाबत राहिलो.