ताईच्या सुट्टीचं पत्रक

माझी पत्रकं आजवर वाया जायची आणि मला संताप यायचा. यंदाचं एक कामी आलं, त्याची मात्र लाज वाटते.

ताई, माझी मोठी बहीण, मेळघाटात वनरक्षक. भरती झाल्यावर खात्यानं तिला रोपवाटिकेत बसवलं. बाई आहे, पिशव्यांत माती भरेल. अर्जांवर अर्ज करून, साहेबांशी वाद घालून तिनं स्वतःचं बीट मिळवलं. जंगलाचा तेवढा तुकडा राखायची जबाबदारी तिची एकटीची. तेव्हापासून तिचा एकच नियम, बाई म्हणून सवलत मागायची नाही. तापातही तिनं गस्त चुकवली नाही.

आम्ही बौद्ध. बुद्धपौर्णिमेला अमरावतीतली आमची सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत विहारात असते, घरोघरी खीर असते. नेमकी त्याच रात्री जंगलात पाणवठ्यांवर प्राण्यांची मोजणी, कारण चांदणं लख्ख. ताई दरवर्षी मचाणावर. आई तिची वाटी झाकून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी ती खीर मीच खायचो.

यंदा मी पेटलो. वस्तीतल्या आमच्या पोरांच्या संघटनेच्या नावानं पत्रक काढलं, ‘बुद्धपौर्णिमेची सुट्टी नाकारणारं हे खातं कोणाचं?’ ताईचं उदाहरण दिलं. नाव घातलं नाही, पण तिथं बौद्ध बाई ती एकटीच. तिला विचारलंही नाही. जिच्यावर अन्याय झालाय तिला काय विचारायचं? पोरं घेऊन ताईच्या साहेबांकडे निवेदन द्यायला गेलो. भांडायच्या तयारीनंच गेलो होतो. साहेबांनी चहा पाजला.

“मॅडमनी आपली अडचण कधी सांगितलीच नाही,” ते म्हणाले.

बुद्धपौर्णिमेला ताई घरी होती. वस्तीनं तिला शाल दिली. मी फोटो टाकला, ‘मागणी मान्य’. ती जेवताना एवढंच बोलली, “खीर चांगली झाली, आई.”

नंतर तिची बदली झाली. ‘कौटुंबिक अडचण लक्षात घेऊन’, शहराजवळच्या रोपवाटिकेत.

मी भेटायला गेलो तेव्हा ती मजूर बायांसोबत पिशव्या भरत होती. एक बाई म्हणाली, “मॅडम, हाच का तुमचा भाऊ? सुट्टी आणून देल्ली तो?”

“हाच. लय कामाचा हाय,” ताई म्हणाली. बाया हसल्या.

मी खाली बसलो. “ताई, बदलीच्या विरोधात पत्रक काढतो.”

“त्यात काय लिहिशीन? बाईले सुट्टी पायजे होती, आता नाही पायजे?”

मी एक रिकामी पिशवी उचलून तीत माती भरायला लागलो.

“तिकडचे गार्ड पोरं म्हणून राह्यले, शेवटी बाईच निघाली,” ती म्हणाली. “इतके वर्षं कोणाले हे म्हनाची सोय ठेवली नोती मी. ते तू करून देल्ली.”

“मंग मी काय करू?”

“काहीच नोको करू. बीटवर परत जाचा माह्या अर्ज मीनं देल्ला हाय. त्याले तुह्या हात लावू नोको.”

तिच्या अर्जाला अजून उत्तर नाही. संघटनेच्या खोलीत माझं पत्रक भिंतीवर चिकटवलेलं आहे, यश कसं मिळवावं याचा नमुना म्हणून. नवी पोरं ते वाचून मला शाबासकी देतात. मी ते भिंतीवरून काढलेलं नाही. काढलं तर काहून काढलं, ते सांगावं लागेल.